पर्यावरणावर ध्वनी आणि व्हिडिओ मिळून इन्स्टॉलेशन करायचं आहे. बजेट कमी आहे, तर प्रोजेक्टरवर खर्च करू की स्पीकरवर?

स्पीकरवर. आणि प्रोजेक्टर घेण्याआधी त्याचा पंखा किती घरघरतो ते ऐकून बघा. रातकिडे ऐकवायचे आणि डोक्यावर पंखा भुणभुणतोय, अशी प्रदर्शनं मी पाहिली आहेत.

या मुद्द्यावरूनच माझं एका व्हिडिओ आर्टिस्ट मित्राशी कायमचं बिनसलं. सिंधुदुर्गातल्या एका देवराईवर आम्ही मिळून काम करत होतो. आवाज माझा, चित्र त्याचं. राईला लागून सड्यावर चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाची खाण, सुरू झालेली. राईतलं एकही झाड तुटलं नव्हतं; देवाच्या राईत कोयती चालवायची कुणाची छाती आहे? त्यामुळे याच्या ड्रोनमध्ये सगळं कॅलेंडरसारखं हिरवंगार. (ड्रोन उडाला की माझं रेकॉर्डिंग वाया, ते वेगळंच.) माझ्या हेडफोनमध्ये मात्र शीळकरी कस्तूर एक लकेर घेतो न घेतो तोच चिरा कापायचं मशीन सुरू व्हायचं. पातं मोकळं फिरताना नुसतं गुणगुणतं, जांभ्यात शिरलं की किंचाळतं. पार दाढांत जाणवायचं ते. गुरवकाका म्हणाले, "आता पाखरां खंय, मशीनच आसा."

मित्राचं म्हणणं, मशीन काढून टाक, डिस्टर्ब करतंय. खाली बासरी टाकू. बासरी! अरे, लोकांना डिस्टर्ब करायलाच बसलोय ना आपण? शेवटी प्रदर्शन लागलं ते बासरीसकट. हॉल त्याने मिळवला होता.

हे माझं एकट्याचं खूळ नाही. निसर्गाचे आवाज टिपणाऱ्या बर्नी क्रॉस या अमेरिकन माणसाने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडातल्या लिंकन मेडोचं रेकॉर्डिंग केलं. लाकूड कंपनीने लोकांना सांगितलं होतं की निवडक झाडंच काढू, जंगलाला धक्का लागणार नाही. वर्षभराने तो त्याच जागी परत गेला. डोळ्यांना फरक दिसेना. टेपवर मात्र ओढ्याचं पाणी आणि सुतारपक्ष्याची ठकठक सोडली तर फारसं काही उरलं नव्हतं. २०१६ मध्ये पॅरिसच्या फोंदासियाँ कार्तिए या कलासंस्थेत त्याचे आवाज मांडले, तेव्हा चित्राची बाजू सांभाळणाऱ्या युनायटेड व्हिज्युअल आर्टिस्ट्स या गटाने भिंतींवर प्राण्यांचे फोटो लावले नाहीत. अंधार, आणि त्यात त्या आवाजांच्या स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे आवाजाच्या आलेखाच्या, सरकत्या रेषा. चित्राने आवाजाच्या मागून चालायचं ते असं.

बाकी तुमचं काम: चार एकसारखे स्पीकर, चार कोपऱ्यांत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. भिंतींना जाड पडदे, नाहीतर शहाबादी फरशीच्या हॉलमध्ये सगळं घुमतं. फाइल वेव्हच (न दाबलेली) ठेवा. फार दाबलेल्या एमपी३मध्ये वरच्या पट्टीतले किडे सगळ्यात आधी मरतात. एसी बंद करता येतो का तेही हॉलवाल्याला विचारून घ्या.

हे सरसकट नाही, हेही सांगतो. रिचर्ड मॉस या फोटोग्राफरने 'ब्रोकन स्पेक्टर' या व्हिडिओ-कामासाठी ॲमेझॉनच्या जंगलावर मल्टिस्पेक्ट्रल (डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपणारा) कॅमेरा वापरला, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी जंगलाची हानी पडद्यावर आली. तसं काही तुमच्या हाताशी असेल तर खुशाल प्रोजेक्टरला पैसे घाला. (अर्थात तिथेही संगीतकार बेन फ्रॉस्टने केलेला आवाज होताच.) पण वरून हिरवळ आणि खाली बासरी एवढंच करायचं असेल, तर सरळ रिसॉर्टच्या जाहिराती करा. माझा मित्र हल्ली तेच करतो, आणि चांगल्या करतो.