चुकीचे ऑप्शन मुलांच्या वहीतून घ्या

प्रश्न (कराडजवळच्या झेडपी शाळेतल्या मॅडम): स्कॉलरशिप परीक्षेचे सराव पेपर काढते, पण बरोबर उत्तर सोडून बाकीचे ऑप्शन सुचतच नाहीत, मग शेवटी 'यापैकी नाही' टाकते.

मॅडम, चुकीचे ऑप्शन घरी बसून सुचत नाहीत, ते मुलांकडून घ्यायचे. तोच प्रश्न आधी ऑप्शन न देता वर्गात द्या आणि कोण काय चुकतं ते टिपून ठेवा. १/२ + १/३ दिलं की कुणीतरी वरचे वर नि खालचे खाली मिळवून २/५ लिहिणारच, कुणी छेद ६ बरोबर काढतं पण अंश तसेच मिळवून २/६ करतं, झाले की तुमचे दोन ऑप्शन तयार! भूगोलाचंही तसंच. 'प्रीतिसंगमावर कोणत्या नद्या भेटतात?' (उत्तर कृष्णा-कोयना) याला गंगा-यमुना ऑप्शन दिला तर कराडचं एकही पोरगं तो धरणार नाही, जागा फुकट. त्यापेक्षा कृष्णा-वेण्णा आणि कृष्णा-वारणा द्या, पहिला संगम माहुलीचा, दुसरा हरिपूरचा, दोन्ही खरे, म्हणजे पोरगं नेमकं कुठं गोंधळलंय तेही कळतं.

प्रश्न (विट्याचे सर): धडा न वाचलेली मुलंपण बरोबर टिक करतात, कसं काय?

सर, उत्तर आपणच फोडतो. कुणी वाद घालू नये म्हणून बरोबर ऑप्शन लांबलचक लिहितो आणि बाकीचे दोन शब्दांत उरकतो, मुलं लगेच हेरतात. आणि मराठीत लिंगावरून उत्तर फुटतं याकडे तर फार कमी जणांचं लक्ष असतं. 'कास हे साताऱ्याजवळचं प्रसिद्ध ___ आहे', ऑप्शन घाट, दरी, टेकडी, पठार. 'हे' आणि 'जवळचं' म्हटल्यावर पठारच बसणार ना, इथं भूगोल तपासलाच नाही. 'कास हे कोणतं भूरूप आहे?' असं विचारा, मग चारही बसतात.

प्रश्न (साताऱ्यात क्लास घेणाऱ्या ताई): तीनच ऑप्शन दिले तर चालतं का?

वर्गातल्या टेस्टला खुशाल द्या. परीक्षांचा अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ८० वर्षांचं संशोधन एकत्र तपासून तीन पुरेसे असंच मांडलं. अंदाजाने लागायची शक्यता २५ वरून ३३ टक्क्यांवर जाते हे खरं, पण चौथा ऑप्शन कुणी धरतच नसेल तर ती आधीच ३३ होती. स्कॉलरशिपच्या सरावाला मात्र चारच ठेवा, खऱ्या पेपरात चार असतात.

प्रश्न (तासगावचे सर): 'अयोग्य विधान ओळखा' टाळावं का?

कमी ठेवा, 'अयोग्य' ठळक छापा.

प्रश्न (त्याच सरांचा): पेपर तपासून झाल्यावर प्रश्न बरा होता की नाही हे कसं कळायचं?

४० मुलं असतील तर एकूण मार्कांनी वरची १० आणि खालची १० घ्या, प्रत्येक प्रश्न दोन्हीकडे किती जणांना आला ते मोजा. वरच्या ८ आणि खालच्या ३ जणांना आला तर प्रश्न जपून ठेवा. वर ३ आणि खाली ७ असं उलटं निघालं तर मुलांना ओरडू नका, आधी उत्तरसूची बघा, चुकीची छापली असेल नाहीतर दुसरा ऑप्शनपण बरोबर ठरत असेल, आणि तसं असेल तर वर्गात सरळ सांगून मार्क द्या.