ड्रमचं झाकण तू उघड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

फार्मा कंपनीची क्यूसी लॅब, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याचं काम, सोडून घातक कचऱ्याच्या प्रकल्पात जावं का, असं विचारलंस. आणि आईला 'कचऱ्यात काम करणार' हे सांगायचं कसं, असंही. आईला भोपाळचं सांग. 1984 च्या त्या वायुगळतीच्या रात्रीनंतर कारखाना बंद झाला, पण आतला कचरा तिथेच पडून राहिला. जानेवारी 2025 मध्ये त्यातला 337 टन मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला नेला आणि मग जाळला. चाळीस वर्षं लागली. हे काम कुणीतरी करायचं असतं, आणि ते करायला रसायनशास्त्र मुरलेलं माणूस लागतं.

क्यूसीत नमुना काय असायला हवा ते आधी ठाऊक असतं. आमच्याकडे ड्रमवर 'स्पेंट सॉल्व्हंट' (वापरून झालेलं द्रावक) लिहिलेलं असतं आणि आत तीन थर निघतात. म्हणून नमुना वरून पळीभर घ्यायचा नाही. लांब नळी तळापर्यंत घालायची, आणि शक्यतो तुझ्या हातानं.

माझी सुरुवात क्रोम प्लेटिंगच्या पाण्यापासून झाली. हेक्साव्हॅलंट क्रोमियम, पिवळंधमक, कर्करोग करणारं. ॲसिड घालून पीएच 2 ते 3 वर आणायचा, मेटाबायसल्फाइट सोडायचं. बघता बघता पिवळ्याचं हिरवं होतं, म्हणजे विष उतरतं. मग चुना, हिरवट गाळ खाली बसतो. पीएच वर राहिला की अभिक्रिया रेंगाळते, आणि घाईतली माणसं नुसत्या रंगावर विसंबतात. तू विसंबू नकोस, टेस्ट कर. पण तो रंग पालटताना मात्र जरूर बघ. मला तीस वर्षांनंतरही तो बघावासा वाटतो.

आता एक कडू आठवण. एका कारखान्याच्या यार्डात 'ॲसिड वेस्ट' लिहिलेला कॅन फुगलेला दिसला. हेल्परनं झाकणाला हात घातला होता. मी ओरडून त्याला मागे खेचलं, सगळ्यांना लांब नेलं. थोड्या वेळानं झाकण उडालं, तपकिरी धूर निघाला. नायट्रिक ॲसिडच्या कॅनमध्ये कुणीतरी अल्कोहोलचं धुवण ओतलं होतं. इजा कुणालाच झाली नाही. चौकशीत साहेब म्हणाले, "म्हणूनच बायकांना यार्डात पाठवू नये." त्यानंतर माझं यार्डात जाणं बंद झालं. पुढे बढतीच्या वेळी कारण आलं: यार्डचा अनुभव कमी.

याचा मला अजूनही राग येतो. कारखाना कायद्याच्या कलम 66 नुसार तेव्हा बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामावर ठेवता येत नसे. आणि भट्टी तर रात्रंदिवस पेटती. क्लोरीनवाल्या कचऱ्याचा धूर 1100 अंशांवर निदान दोन सेकंद तापलाच पाहिजे, नाहीतर डायॉक्सिन हे जहाल विष तयार होतं. हे ज्यानं रात्रीच्या पाळीत सांभाळलं नाही, त्याला प्लँट-इनचार्ज कोण करणार? आता रात्रपाळीला अटींसह मुभा आहे. तेव्हा पहिल्याच महिन्यात यार्ड आणि रात्रपाळी, दोन्ही मागून घे. लॅबमध्ये सुरक्षित ठेवतो म्हणतील, प्रेमानंच म्हणतील. तरी माग.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी, बाई म्हणून, वर्षभराच्या चाचणीवर घेतलं. त्यांनी ते मान्य केलं, कारण दार उघडण्याचा दुसरा मार्गच नव्हता. तुझ्यापुढे तशी अट आली तर मान्य करू नकोस.

एकच गोष्ट लपवू नकोस. दिवस राहिले तर लगेच सांग. शिसं, पारा, सॉल्व्हंट यांच्यापासून तेवढे महिने दूर राहणं म्हणजे माघार नव्हे. काम परत मिळेल, हे मात्र आधीच लेखी घे.

आणि मास्क. पुरुषी चेहऱ्याच्या मापाचा असेल तर गालापाशी फट राहते. घालून, फिल्टर हातानं झाकून श्वास आत ओढ. मास्क चेहऱ्याला चिकटला नाही तर दुसरा माग. गमबुटाचं माप कळव. पाच नंबरचे ठेवणारा एक दुकानदार माझ्या ओळखीचा आहे.

तुझी,
मावशी