ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीतील लहान छिद्रे बुजवताना

अमेरिकेत वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) घेतल्यावर आधीच्या मालकाने काढलेल्या अँटेनाची किंवा सावलीसाठीच्या कापडी छपराची स्क्रूछिद्रे भिंतीवर हमखास आढळतात. सीलंटची (फटी बुजवणाऱ्या चिकट लेपाची) नळी उघडण्यापूर्वी त्या छिद्रांतून पाणी आत मुरले आहे का, हे तपासावे, अशी माझी तुम्हाला आग्रहाची विनंती आहे. आतल्या बाजूने भिंत दाबून पाहा. ती मऊ लागली किंवा बाहेरचे फायबरग्लास फुगलेले दिसले, तर लाकडी सांगाडा वा प्लायवूड ओले असण्याची शक्यता असते, आणि ओलावा आत कोंडून छिद्र बंद केल्यास कूज वाढतच जाते.

भिंत कोरडी असल्यास पुढचे काम सोपे आहे. पन्हळी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातील छिद्रात सीलंट लावलेला ॲल्युमिनियमचाच रिव्हेट (ठोकळ डोक्याची पक्की खीळ) बसवावा, कारण साध्या पोलादी स्क्रूमुळे दोन धातूंच्या संपर्कात ओल आली की पत्रा गंजतो. फायबरग्लासमधील छिद्राच्या कडा किंचित उतरत्या घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारा भराव) भरावे आणि ते पूर्ण कडक झाल्यावर बारीक पॉलिशपेपरने घासून रंगवावे.

सिलिकोन मात्र कृपया वापरू नका. त्यावर रंग धरत नाही, पुढे दुसरे सीलंटही चिकटत नाही, आणि त्याचा पातळ थर खरवडून काढणे हे मूळ दुरुस्तीपेक्षा कितीतरी जिकिरीचे ठरते. त्याऐवजी पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे.