रस्त्याकडेची गटाराची जाळी पावसाचं किती पाणी आत घेते, हे कसं मोजायचं?

जाळीत उतरलेलं पाणी भागिले जाळीपर्यंत आलेलं पाणी. सेकंदाला १० लिटर आलं आणि ३ लिटर पुढे निघून गेलं, तर कार्यक्षमता ७० टक्के. आत पडलेलं मोजणं किचकट, म्हणून टँकरमधून मीटर लावून पाणी सोडायचं आणि जाळी चुकवून गेलेलं मोजून वजा करायचं.

खरी गोम उतारात आहे. वेग वाढला की पाणी पट्ट्यांवरून उडी मारूनच पुढे जातं. पट्ट्या प्रवाहाला समांतर असल्या तर जास्त पाणी आत जातं, पण सायकलचं चाक अडकतं.

सखल जागी मात्र ही टक्केवारी निरुपयोगी, कारण पाणी दुसरीकडे जाणारच नाही. तिथे किती इंच तुंबतं तेच बघा.

आणि कृपया जाळी लख्ख धुऊन चाचणी घेऊ नका! पहिल्या पावसात पिशव्या न् पाला असतोच.