ऑस्करची यादी बघायला घेतोयस ना?

सगळे सिनेमे संपवायच्या मागे लागू नकोस. एकच विभाग धर. मी तर अभिनयाचा म्हणेन. तिथली नामांकनं फक्त नटमंडळी ठरवतात, विजेता मात्र सगळे सभासद मिळून. म्हणून एखादं अबोल, बारीक काम यादीत येतं आणि निकालात मागे पडतं, असं माझं मत. सहायक भूमिका आधी बघ, खरी मजा तिथे!

आणि परभाषेतल्या सिनेमांच्या विभागात 'भारतातर्फे पाठवला' म्हणजे नामांकन नव्हे. 'श्वास' गेला, 'कोर्ट' गेला, पण अंतिम पाचांत पोचले नाहीत. तिथवर आपले तीनच: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे', 'लगान'.

पिफचा, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास काढ. इतर देशांनी ऑस्करला धाडलेले सिनेमे तिथे कधीकधी मोठ्या पडद्यावर सापडतात. रांगेत मात्र लवकर जा, पुणेकर खुर्चीवर रुमाल टाकून मोकळे होतात.