विमान दोरीवरचं, इंजिनाच्या जागी बॅटरी

प्रश्न : सर नमस्कार. कॉलेजात एनसीसी एअर विंगला होतो, तेव्हा कंट्रोल लाइनची विमानं, म्हणजे हातातल्या दोन तारांना बांधून आपल्याभोवती गोल फिरवायची ती, खूप उडवली, ते ऑरोराचं छोटं डिझेल इंजिन, ईथरचा वास आणि प्रॉपचे (प्रोपेलरचे) बोटाला फटके. आता वय ४८, मुलगी आठवीत, तिच्यासोबत परत एक बनवायचंय पण बॅटरीवरचं, आणि नुसत्या चकरा नाही तर लूप मारणारं. मोटार किती पॉवरची घेऊ? दुकानदार म्हणतो मोठीच घ्या, नंतर पस्तावाल. रिमोट पण घ्यावा लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदाराचं अजिबात ऐकू नका. दोरीवरच्या विमानाला जोर कमी पडला असं मी फार कमी वेळा बघितलंय, वजन जास्त झालं हे मात्र दर दुसऱ्या विमानाला, कारण मोठी मोटार आली की मोठी बॅटरी आली, ती पेलायला पंख मोठा आला, पंख मोठा म्हणून लाकूड जाड लावलं, आणि शेवटी जे तयार होतं ते उडतं पण लूपमधून बाहेर यायला पंधरा फूट जास्त घेतं, जे खाली नसतात. पहिलं विमान मीटरभर पंखाचं, ७०० ग्रॅमच्या आत ठेवा. बॅटरीचा हिशेब सोपा आहे, ४ मिनिटं उडवायचं आणि सरासरी १५ अँपिअर धरले तर झाले १००० एमएएच, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे रिकामी करायची नाही म्हणून ३एस १३०० (तीन सेल, १३०० एमएएच) घ्यायची. मोटार ह्या आकड्यावरून निवडायची, उलटं नाही.

रिमोट नको. तुमचा कंट्रोल दोरीतूनच जातोय, जिम वॉकरने अमेरिकेत १९४० च्या सुमारास जो यू-कंट्रोल लोकप्रिय केला तोच, हँडल, दोन तारा, बेलक्रँक (पंखातली डुलणारी पट्टी), पुशरॉड (दांडी), एलिव्हेटर (शेपटीची हलती फळी). (स्टंट आहे म्हणून पंखाच्या मागच्या कडेला हलते फ्लॅप पण जोडा, एलिव्हेटर वर तर फ्लॅप खाली.) मोटारीला फक्त टायमर लागतो. तयार मिळतात पण बाहेरून मागवायला महाग पडतात, आणि ईएससीला (मोटारीचा स्पीड सांभाळणारं सर्किट) शेवटी हवा असतो १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स, तो अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) पण देतं. हे काम मुलीला द्या! बटण दाबलं की ३० सेकंद शांत, तेवढ्यात तुम्ही हँडलपर्यंत चालत जायचं, मग हळू स्पीड चढवायचा, ४ मिनिटांनी बंद, आणि बंद व्हायच्या पाच-सहा सेकंद आधी एकदा आवाज खाली-वर करायचा म्हणजे तुम्ही उलटे उडत असाल तर सरळ व्हाल. सेटिंग करताना प्रॉप काढून ठेवा, काढूनच. डिझेल इंजिन निदान खोकायचं, चिडायचं, मग सुरू व्हायचं, ही मोटार काही न सांगता फिरते, माझ्या उजव्या तर्जनीला तीन टाके आहेत ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलेत, मैदानात नाही.

दोन गोष्टी अजून. ईएससी घेताना गव्हर्नर मोड आहे का विचारा, हेलिकॉप्टरवाल्यांच्या ईएससीत असतो. ३एस बॅटरी फुल असताना १२.६ व्होल्ट देते, शेवटाला ११ च्या आसपास येते, गव्हर्नर नसेल तर पहिला लूप जोशात आणि शेवटचा रडत. गव्हर्नर आरपीएम धरून ठेवतो, विमान वर चढताना प्रॉपवर लोड आला की स्वतःहून जास्त करंट देतो. इंजिनवाले ह्यासाठी वर्षानुवर्षं इंधनाची सुई फिरवत बसायचे.

आणि बेलक्रँक. तो पंखात एकदा बंद झाला की परत हात जात नाही, म्हणून कव्हरिंगच्या आधी विमान हातात धरून नाक वर, नाक खाली करून बघा, एलिव्हेटर स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. अडकत असेल तर पुशरॉड कुठेतरी घासतोय, शोधा, नंतर तेल घालून काही होत नाही. मग बॅगा मोजायचा हुकाचा काटा लावून विमानाच्या वजनाच्या दहापट ओढायचं, म्हणजे ७ किलो. काही करकरलं तर घरीच करकरलं ना.

प्रश्न : माझं दीड किलोचं इलेक्ट्रिक स्टंट विमान आहे, लाइन १८ मीटर, ४एस बॅटरी. डोक्यावरून जाताना तारा सैल पडतात, हँडल हलवलं तरी ऐकत नाही, मागच्या रविवारी पडलंच. थ्रॉटल वाढवू का?
— पुण्याहून एक वाचक

उत्तर : एका चकरेला किती सेकंद लागतात तेच लिहिलं नाहीत. मोबाइलवर दहा चकरा मोजा आणि दहाने भागा. १८ मीटरच्या तारेवर चक्कर ११३ मीटरची होते, ६ सेकंद लागत असतील तर सरळ उडताना हाताला ओढ साधारण ३ किलो, ५.२ सेकंदांत आणलं तर ४ किलो. डोक्यावर विमानाचं वजन तुमच्याच दिशेला, म्हणजे त्यातून दीड किलो वजा, आणि वर चढताना स्पीड गेला तो वेगळा. ३ मधून दीड गेले की उरलं काय!

पण थ्रॉटल सगळ्यात शेवटी. आधी बाहेरच्या पंखाच्या टोकाला वजन आहे का बघा, मी जुनी जाड पाच रुपयांची नाणी टेपने चिकटवतो, एक नाणं ९ ग्रॅम, दोन लावून उडवा, मग तीन. तारा पंखातून बाहेर येतात ती जागा थोडी मागे सरकवा म्हणजे नाक किंचित बाहेर राहतं. आणि साधा प्रॉप असेल तर उलट्या दिशेने फिरणारा घ्या, म्हणजे पुशर. घड्याळाच्या उलट उडताना साध्या प्रॉपची उलट ओढ आपल्याकडचा पंख खाली दाबते, विमान तुमच्याकडे झुकतं, तारा ढिल्या. पुशरने तीच ओढ बाहेर जाते. मोटारीच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते, इंजिनवाल्यांना हे सुख नाही. फक्त प्रॉपवरची अक्षरं पुढेच राहू द्या.

प्रश्न : स्टीलच्या तारेऐवजी मासे पकडायची दोरी चालेल का? आणि सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर उडवलं तर?
— ठाण्याहून एक वाचक

उत्तर : नायलॉन नाही, ती ताणते, तुम्ही हँडल ओढता आणि अर्धं त्या ताणण्यातच जातं. विणलेली स्पेक्ट्रा (फारच कमी ताणणारी मासेमारीची दोरी) अगदी लहान विमानाला चालते, मोठ्याला विणीची स्टीलच. हँडलचा पट्टा मनगटाला बांधल्याशिवाय मोटार सुरू नाही, हे कुठल्याही दोरीला.

प्लॉटचं म्हणाल तर १५ मीटर तार, पुढे हात, पंखाचं टोक आणि मग बघायला जमलेली पोरं, एवढं सगळीकडून मोकळं लागतं. आणि वर बघा आधी. विजेची लाइन प्लॉटवरून किंवा शेजारून जात असेल तर विषय संपला, दोरी कुठलीही असो, ती हातात घेऊन विजेच्या लाइनच्या आसपास उभं राहणं म्हणजे सरळ जीव जातो, आणि ढग गडगडत असतील तेव्हाही तेच. दुसरं मैदान शोधा, लांब असलं तरी.