स्वतः रचलेल्या भाषेत विभक्त्या किती ठेवाव्यात आणि नवे शब्द कसे घडवावेत?

विभक्त्या मोजत बसू नका. चार ठेवा नाहीतर चौदा, प्रत्ययांचा तक्ता भरणं एका दुपारचं काम आहे. खरी मेख सामान्यरूपात असते: प्रत्यय लागताना मूळ शब्दाचं काय होतं? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून लिहायला बसलो.

कॉलेजात असताना मी आणि एक मित्र मिळून भाषा रचत होतो. नदीसाठी शब्द ठरला 'तमूर'. अनेकवचनाला 'ई', 'मध्ये' या अर्थी 'नो'. मित्राच्या लेखी तमूर, तमूरी, तमूरनो, संपला विषय. मी नियम घातला, की स्वराने सुरू होणारा प्रत्यय आला की आधीचा ऊ गळेल. आपणही कापूस-कापसाला म्हणतोच ना. झालं 'तम्री'. आता हे भरभर म्हणून बघा. म वरून र वर जाताना ओठ उघडायच्या आत नाकाची वाट बंद झाली की मध्ये ब उमटतो. म्हणून 'तंब्री'. 'नो' व्यंजनाने सुरू होतो, त्यामुळे 'तमूरनो' तसंच राहिलं. एका शब्दाची दोन अंगं झाली आणि अपवाद एकही नाही.

मित्र भडकला. "हा ब कुठून आणलास? मनाला येईल ते घुसडायचं आणि त्याला व्याकरण म्हणायचं?" मी म्हटलं, आम्राचा आंबा झाला, ताम्राचं तांबं झालं, तिथला ब कुणी घुसडला? यावर त्याचं ठरलेलं उत्तर एस्पेरांतो, म्हणजे जगात कुणालाही सहज शिकता यावी म्हणून मुद्दाम रचलेली भाषा. तिच्या कर्त्याने, झामेनहॉफने, 1887 साली सोळा नियमांत भाषा बसवली, मग तुला ही थेरं कशाला?

त्या भाषेची गंमत मलाही कळते. 'सान' म्हणजे निरोगी, आधी 'माल' लावलं की उलट अर्थ, 'उल' म्हणजे व्यक्ती, 'एय' म्हणजे जागा, शेवटी नामाचा 'ओ'. मालसानुलेयो, रुग्णालय. सुरेख. पण त्याच हिशेबाने 'डावा' म्हणजे 'उजव्याच्या उलट', मालदेक्स्त्रा. बिचाऱ्या डाव्या हाताला धड स्वतःचा शब्द नाही!

शब्द घडवण्याबद्दल माझं मत एवढंच, की एका कामाला एकच प्रत्यय ठेवू नका. गोडी, गोडवा, गोडपणा घ्या. वाचनाची गोडी लागते, गोडवा लागत नाही. 'वा' हा गोडवा, गारवा, ओलावा अशा मोजक्या शब्दांत अडकून पडलाय, 'पणा' मात्र नव्या शब्दांनाही बिनदिक्कत लागतो. तुमच्या भाषेतही एखादा प्रत्यय असा थकलेला असू द्या.

हो, एक राहिलंच. इतरांनी चटकन शिकावी म्हणून भाषा रचत असाल, तर वरचं बरंचसं विसरा, तिथे मित्राचंच बरोबर. एस्पेरांतो आईबापांकडून शिकलेली मुलं जगात आहेत. माझी तंब्री माझ्याखेरीज कुणी उच्चारलेली नाही.

पण ब घुसडला नव्हता. तो आपला आपण आला होता. मित्राने शेवटी वही वेगळी केली, आणि त्या वहीत नदीचं अनेकवचन 'तमूरी' आहे. एकदा दहा वेळा भरभर म्हणून बघ म्हटलं, तर म्हणाला नाही.